सैल दोर

दशावतारी खेळांवर मी लिहिलं आहे, घुमट आरतीच्या मेळांवर लिहिलं आहे, आणि एकदा चवथीच्या खतखत्यावर लिहून चार घरांचा रोषही ओढवून घेतला आहे. कुत्रं फिरवण्यावर लिहायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं. ती आणली आमच्या केरीच्या आबांनी. वय सत्तरीपलीकडे, उभा जन्म रापणीचा दोर ओढण्यात गेलेला. त्यांचा तांबू सहा वर्षांचा, गावठी, विटकरी रंगाचा, शेपटीचा आकडा पाठीवर पडलेला. पेडणे तालुक्यात अशी कुत्री पैशाला पासरी. तरीही पहाटे हे दोघं पुळणीवर उतरताना दिसले की मी चहा तसाच ठेवून त्यांच्यामागे दहा-पंधरा पावलांवरून चालू लागतो. एवढ्या अंतरावरून दोघांच्या पाठी दिसतात, आणि या खेळातलं निम्मं नाट्य पाठींतच आहे.

पहिली खुबी निघण्याच्या वेळेत. आबांना ठरलेली वेळ नाही, ठरलेली तिथी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, आमच्या किनाऱ्यावर पहाटे पाच-सहाच्या सुमाराला सुकती असते. पाणी लांब गेलेलं, पुळण रुंद, ओली, टणक. पाय रुतत नाही आणि टाच घसरत नाही. हे पळण्याचे दिवस. पुढे रोज सुकती पन्नासेक मिनिटांनी मागे सरते आणि अष्टमीला, भांगाच्या दिवसांत, पहाटेचं पाणी वर सरकून मऊ वाळूचा अरुंद पट्टा तेवढा ठेवतं. मऊ वाळूत पळणारं जनावर दिसतं छान, पण प्रत्येक झेपेला पाय आत जातो आणि सगळा ताण खांद्यावर नि घोट्यामागच्या शिरांवर येतो. त्या दिवशी आबा समुद्राकडे पाहतही नाहीत. तांबूला घेऊन ते सरळ सुरूच्या बनात शिरतात आणि तासभर त्याच्या पायांना जवळपास सुट्टी देऊन सगळं काम नाकाकडे सोपवतात. पंधरवडाभर हे प्रमाण बदलत राहतं: आज पाय बारा आणे नि नाक चार आणे, आठवड्याने नेमकं उलट. कुत्र्याला व्यायाम किती नि डोक्याला काम किती, याची कोष्टकं शहरातल्या दवाखान्यांच्या भिंतींवर मी पाहिली आहेत. चंद्रावर बेतलेलं कोष्टक मात्र केरीतच पाहिलं.

दुसरी गोष्ट दोर. जुन्या जाळ्याचा, उन्हाने विटलेला, सहाएक मीटर लांबीचा नायलॉनचा दोर. तो गळ्यातल्या पट्ट्याला बांधलेला नाही, पुढच्या पायांमागून नि छातीवरून घेतलेल्या रुंद पट्ट्याला पाठीवर बांधलेला आहे. हिसका बसला तरी श्वासनळीवर येत नाही. पण खरी कारागिरी गाठीत नाही, हातात आहे. रापण घातली की दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि जाळं अजून पाण्याखाली असताना आत मासळी आहे की नुसता शेवाळाचा भार, हे जाणत्या हाताला दोरातूनच कळतं. त्या हाताने आबा तांबूला धरतात. नीट पाहिलं तर दोर मुठीत नसतो. तो अंगठा आणि तर्जनीच्या मधून सरकत असतो, उरलेली वेटोळी डाव्या हातात सैल. दोर नेहमी वाळूला किंचित टेकलेला, मध्ये हलकी झोळ पडलेली. ती झोळ दिवसभरात ताठ होते ती जेमतेम दोन-तीनदा. तांबू थबकतो त्याच्या निमिषभर आधी आबा थबकतात. बरेच दिवस मला हा चमत्कार वाटायचा. मग लक्षात आलं की थांबण्याआधी तांबूचा डावा कान अर्धा वळतो आणि खांद्यावरची कातडी थरारते. आबा तेवढंच बघत असतात. उत्तम तबलजी गायकाच्या गळ्याकडे बघत नाही, त्याच्या श्वासाकडे बघतो. तेच हे.

आता चाल. निघाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं ही जोडी जवळजवळ जागची हलत नाही. नवखा माणूस इथेच कंटाळेल, आणि खरा ऐवज इथेच आहे. रात्रभरात पुळणीवर काय काय होऊन गेलेलं असतं! बारक्या खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातलेली, मर्यादावेलीच्या पानांखालून कुणी सरपटत गेलेलं, होडीच्या सावलीत कुणाचं तरी कुत्रं झोपून उठलेलं. तांबू या सगळ्यावरून नाक फिरवतो. पण कसं, ते बघण्यासारखं आहे. नाक जमिनीपासून दोन बोटं वर, आणि सेकंदाला पाच-सहा या गतीने बारीक हुंगणं. कुत्र्याच्या नाकपुडीला बाहेरच्या कडेला एक चीर असते. श्वास सोडताना हवा त्या चिरेतून बाजूला नि मागे जाते. समोरचा वास त्यामुळे उडून जात नाही, उलट मागे गेलेल्या झोताबरोबर पुढची ताजी हवा नाकाकडे ओढली जाते. कोरड्या वाळूवर हे डोळ्यांनी दिसतं: नाकाच्या दोन्ही अंगांना वाळूचे दोन बारीक फवारे मागे उडतात आणि नाकाखालचे कण तसेच राहतात. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी हवेच्या या वाटा मोजल्या, तेव्हा आत घेतलेल्या हवेचा आठवा-नववा हिस्सा मागच्या एका वेगळ्या दालनात जातो आणि उरलेली हवा फुप्फुसाकडे उतरते, असं दिसलं. म्हणजे हवा जगण्यासाठी वेगळी नि जाणण्यासाठी वेगळी! आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या आसपास. आकडा सांगून भागत नाही. तांबू मर्यादावेलीच्या एका पानाशी पुरी तीन मिनिटं थांबतो, पानाची वरची बाजू, मग खालची, मग देठ, मग परत वरची बाजू, आणि आबा त्या तीन मिनिटांत बिडीसुद्धा पेटवत नाहीत. बिडीचा वास मध्ये येईल म्हणून. माझ्या मते इतक्या अदबीने दिलेली साथ आपल्या बैठकींतूनही विरळाच ऐकायला मिळते.

‘आधी पळवून घेतलं तर बरं नाही का? दमला म्हणजे गुमान वास घेत बसेल,’ मी एकदा विचारलं होतं.

आबा म्हणाले, ‘धाप लागलेला गडी कान देऊन ऐकतो काय रे कधी?’

आणि त्यांनी तांबूच्या तोंडाकडे बोट दाखवलं. मिटलेलं. धापणाऱ्या कुत्र्याला त्याच वेळी नीट हुंगता येत नाही. तोंड उघडं, जीभ बाहेर, आणि हुंगणं जवळजवळ बंद. तेल अवीवच्या इरित गाझित आणि जोसेफ टर्केल यांनी स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांना आधी भरपूर दमवून मग कामाला लावलं, तेव्हा धाप वाढली तसतशी त्यांची पकड ढिली पडली. तो अभ्यास २००३ सालचा. आबांना तो ठाऊक असण्याचं कारण नाही. पण आधी नाक, मग पाय, आणि श्वास बसल्यावर पुन्हा नाक, हा त्यांचा क्रम त्या निष्कर्षाला तंतोतंत जुळतो. आमच्या दमट हवेत तर त्याला आणखी एक अर्थ येतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती धापेतून, जिभेवरची ओल वाळवून. पण हवाच ओली असेल तर जीभ वाळणार कशी? म्हणून सोलापूरच्या उन्हात चालेल इतकी धावपळ केरीच्या उकाड्यात चालत नाही, पारा तिथल्यापेक्षा खाली असला तरी. कोकणपट्टीवरचा कुत्रेवाला पायांत हात आखडता घेतो आणि नाकात सढळ होतो. आबांच्या या एका हिशेबावर मी फिदा आहे.

मग एकाएकी लय बदलते. तेरेखोलच्या मुखाजवळ, पलीकडच्या टेकडीवर किल्ल्याच्या भिंतीला पहिलं ऊन लागतं त्या सुमाराला, आबा खाली वाकतात, पाठीवरची गाठ सोडतात आणि फक्त ‘वच’ म्हणतात. तांबूची आधी दुडकी सुरू होते: पुढचा उजवा नि मागचा डावा एकत्र, मग पुढचा डावा नि मागचा उजवा, कर्णाच्या जोडीने. कुत्र्याची हीच जन्मजात, कमी खर्चाची चाल, आणि आपल्या पावलाशी बांधल्यावर नेमकी हीच त्याला मिळत नाही. आपण फारच सावकाश चालतो. मग पन्नास पावलांवर कणा धनुष्यासारखा वाकतो, मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे पडतात आणि तो चौखूर सुटतो. ओल्या पुळणीवर पंजांचा आवाज येतो, हलका, दबका, हात ओला करून मृदंगाला कणीक लावताना येतो तसा. तो वळतो ती वळणं मोठी, अंडाकृती. टणक वाळू आहे म्हणूनच असं वळता येतं. कोरड्या वाळूत एवढ्या वेगाने वळला तर गुडघाच जायचा. चार-पाच फेऱ्या, फार तर सहा मिनिटं. आबा ‘यो’ म्हणत नाहीत. उकिडवे बसतात आणि समुद्राकडे तोंड फिरवतात. तांबू आपणहून परत येतो, त्यांच्या पाठीला पाठ लावून बसतो आणि धापतो. पळणं कुणी थांबवलं नाही, ते आपल्या आपण संपलं. समेवर येणं म्हणतात ते हे.

इथे मला चेंडूबद्दल थोडं कडवट बोलायचं आहे. मोरजीपासून हरमलपर्यंतच्या किनाऱ्यांवर प्लॅस्टिकच्या लांब दांडीने चेंडू फेकणारे लोक मी रोज बघतो. चाळीस वेळा फेक, चाळीस वेळा आण. कुत्र्याची जीभ गुडघ्यापर्यंत आलेली, डोळे विस्फारलेले, आणि मालकाच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान. कुत्र्यांच्या वागण्याचे अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीची साखळी फार नेटकी मांडली आहे: हेरणं, रोखून बघणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं. वेगवेगळ्या जातींत माणसाने या साखळीतल्या काही कड्या वाढवल्या, काही पुसून टाकल्या. चेंडूचा खेळ यातली एकच कडी चाळीस वेळा वाजवतो. तबल्यावर नुसतं ‘धा धा धा’ केलं तर हात दमेल, ऐकणारा चिडेल, आणि ठेका काही होणार नाही.

आबांचा डाव बघा. श्वास बसला की ते खिशातून एक जुना फडका काढतात, माशाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला. तांबूला एकदाच हुंगू देतात. ‘राव,’ म्हणतात. आमच्याकडे राव म्हणजे थांब. तांबू बसतो. आबा सुरूच्या बनात जातात, दहा झाडं फिरतात, आठ ठिकाणी वाकतात आणि एकाच ठिकाणी फडका ठेवतात. हे खोटं वाकणं मला फार आवडतं. कारण तांबू डोळ्यांनी बघत असतो, आणि पाहिलेलं सगळं खरं नसतं हा धडा त्याला रोज नव्याने मिळतो. येताना आबा वाऱ्याची दिशा बघतात आणि तांबूला बरोबर उलट्या बाजूने सोडतात. वारा पाठीवर, वास अजून पोचलेला नाही. ‘सोद.’ मग सुरू होतं ते नागमोडी चालणं: वाऱ्याला आडवं जायचं, वासाच्या पट्ट्याची कड लागली की मान झटकन वळवायची, कड सुटली की मागे यायचं, पट्टा दर फेरीला अरुंद होत जातो. शेवटच्या दोन मीटरवर तांबूचं शेपूट ताठ होतं आणि फक्त टोकाशी थरथरतं. फडका सापडतो तेव्हा हेरण्यापासून पकडण्यापर्यंत साखळी पुरी झालेली असते, आणि पळणं त्यात जेमतेम दीडशे पावलांचं. बक्षीस म्हणून उकडलेल्या माशाचा काटा काढलेला तुकडा. फडकाही दोन मिनिटं त्याच्या तोंडात राहू देतात. तीही साखळीतली एक कडी.

न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ आणि त्यांच्या फ्रेंच सहकारी शार्लोट ड्युरांटन यांनी २०१९ मध्ये एक छोटासा, देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. वीस पाळीव कुत्री. अर्ध्यांना दोन आठवडे रोज वासाने शोधायचा सराव, अर्ध्यांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. आधी नि नंतर त्यांच्यापुढे एक वाडगा ठेवला: एका जागी ठेवला तर त्यात खाऊ, दुसऱ्या जागी ठेवला तर रिकामा, हे त्यांना शिकवलेलं. मग मधल्या, संदिग्ध जागी ठेवून बघितलं. शोधायचं काम केलेली कुत्री आता आधीपेक्षा लवकर वाडग्याकडे गेली. म्हणजे त्यांचा कल ‘असेल, असेल’ म्हणण्याकडे झुकला. पायाशी चाललेल्यांत असा फरक पडला नाही. मला यात मोह पडतो तो वाडग्याच्या मधल्या जागेचा. कुत्र्याचा आशावाद मोजायला कुणाला तरी सुचावं, आणि त्यासाठी एक वाडगा पुरावा!

परतीची वाट मानवी, म्हणजे श्वानी, व्यवहाराची. फेरीच्या धक्क्याकडे चार-पाच बेवारस कुत्री असतात. काहींच्या कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. लसीकरणाच्या दिवसांत काहींच्या डोक्यावर रंगाचा पट्टा. २०१३ पासून मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन गोव्यातल्या गावागावांत फिरत आली, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित असल्याचं जाहीर केलं. या कामामुळेच तर आबा दोर लांब सोडून तांबूला त्या कुत्र्यांशी बोलू देतात. बोलणं म्हणजे काय? समोरून सरळ कुणीच येत नाही. दोघंही कमानीने येतात, नजर चुकवून, मध्येच जमीन हुंगल्याचं सोंग करून, आणि मग शेपटीकडे नाक. या वेळी दोर जरा जरी ताठ झाला तर तांबूची छाती पुढे येईल, मान वर जाईल, आणि समोरचा ते आव्हान समजेल. मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत पट्ट्यातली कुत्री एकमेकांवर इतकी का भुंकतात, ते मला इथे कळलं: निम्मं बोलणं दोराने त्यांच्या तोंडी घातलेलं असतं. आबांचा दोर अशा वेळी वाळूवर पसरलेला असतो आणि आबा स्वतः अर्धवर्तुळात सरकत असतात, दोर कुणाच्या पायांत अडकू नये म्हणून. त्या वयात ती पावलं! नाचातली म्हणावीत अशी.

एका ठिकाणी मात्र सैलपणा संपतो. नोव्हेंबर ते मार्च, मोरजी आणि मांद्र्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मोरजीच्या तेमवाड्याला वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालून राखण करतं. त्याच दिवसांत परदेशातून आलेले चिखले पक्षी वाळूवर थव्याने विसावलेले असतात. कुत्रा त्यांच्यावर धावला तर आपल्याला मौज वाटते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या पोटातलं शिलकीतलं तेल मात्र प्रत्येक उड्डाणात जळतं. आबा त्या बाजूला तांबूला नेतात ते दोर मनगटाला गुंडाळूनच, आणि थव्यापासून शंभर पावलांवर बसवतात. ‘राव.’ पाच मिनिटं, कधी आठ. पक्षी दिसतात, वास येतो, अंगात वीज भरलेली असते, आणि हलायचं नाही. धावण्यापेक्षा हे अवघड काम आहे, हे तांबूच्या जबड्याकडे बघून कळतं. तो न धावता ओठ चाटत असतो, एकदा जांभई देतो. जांभई आळसाची नाही, आवरण्याची. आबा तेव्हा त्याच्या कानामागे एकच बोट फिरवतात, खर्जातला स्वर छेडल्यासारखं.

हेच सगळं समुद्र नसलेल्या मुलखात नेलं तर? ती परीक्षा मी पाहिली डिचोलीला. माझ्या ताईचं सासर डिचोलीजवळच्या एका खेड्यात. मागे खाणीचा कोरलेला डोंगर, पुढे सुपारी-केळींचं कुळागर. खाणी चालू होत्या तेव्हा रस्त्यावर ट्रकांची रांग असे, कुत्रं बाहेर सोडायची सोय नव्हती. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबलं, आणि लाल धुळीचे रस्ते शांत झाले. पण खंदकांच्या कडा तशाच उभ्या, तळाशी खोल पाणी. तिथे कुत्रं मोकळं सोडायला कुणी धजत नाही. भाच्याने हौसेने लॅब्रडोर घेतलेला, ब्रुनो. दिवसभर साखळीला, आणि संध्याकाळी स्कूटरच्या मागे बांधून दोन किलोमीटर पळवायचा. महिन्याभरात ब्रुनोने दोन जोडी चपला, एक झाडू आणि सोप्यावरच्या झोपाळ्याची दोरी खाल्ली. ‘एवढं पळवतो तरी दमत नाही हो मामा,’ भाचा म्हणाला. दमत नाही कसा! दम वाढत चालला होता. रोज पळवून पळवून त्याने घरात एक पैलवान तयार केला होता, आणि त्या पैलवानाला दिवसभर काम नव्हतं.

शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला आबा दरवर्षी धोंड, म्हणजे व्रत पाळणारे भक्त, म्हणून जातात. एकदा व्रत सुटल्यावर परतताना मी त्यांना ताईकडे घेऊन गेलो. वैशाखातली दुपार, पळवायचा प्रश्नच नव्हता. चार वाजता आबांनी ब्रुनोला लांब दोर लावला, कुळागरात नेलं आणि स्वतः पाटाच्या कडेला बसले. अर्धा तास काहीच केलं नाही. ब्रुनो आधी दोर ओढत राहिला, मग गोंधळला, मग केळीच्या बुंध्याशी पहिल्यांदा नाक खाली गेलं. मी घड्याळ बघितलं होतं: अकरा मिनिटं लागली. मग मिरीची वेल, जायफळाखालचा पाला, ओल्या मातीतलं मुंगसाचं बीळ. त्याच्या पाठीवरचा फुगीरपणा उतरत गेला ते माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसलं.

मग आबांनी काढला सुका बांगडा, सुतळीला बांधून. तो कुळागरातून ओढत नेला, सुपारीच्या झाडांमधून वळणं घेत, आणि मुद्दाम पाट ओलांडून पलीकडे. खारट बांगडा कुत्र्याला द्यायचा नसतो, म्हणून शेवटी तो काढून घेऊन सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाखाली उकडलेल्या माशाचा तुकडा ठेवला. ब्रुनो वासाच्या रेषेवर धडाधड निघाला आणि पाटाशी येऊन अडकला. वाहत्या पाण्याने रेषा पुसलेली. भाचा पुढे सरसावला, ‘तिकडे, तिकडे!’ आबांनी त्याचा हात धरला. ब्रुनो मागे गेला, शेवटचा पक्का वास पुन्हा घेतला, परत पाटाशी आला, कडेने वर गेला, खाली आला, आणि मग पाण्यात उतरून पलीकडे. तिथे त्याने गोल फेरी घेतली, आणि फेरीच्या तिसऱ्या चतुर्थांशात मान झटकन वळली. सापडली रेषा! ती अडलेली दोन मिनिटं हाच त्या दुपारचा गाभा. मदत केली असती तर मासा मिळाला असता आणि शोध हरवला असता. लॅब्रडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची कुत्री होती, गार पाण्यातून जाळी नि सुटलेली मासळी ओढून आणणारी. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते ब्रुनोकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहायला लागले, धंद्यातला माणूस भेटल्यासारखे.

जातीप्रमाणे वाटणी बदलते, हेही यात आलंच. मुधोळच्या घोरपड्यांनी वाढवलेला हाउंड दख्खनच्या उघड्या माळावर नजरेने शिकार धरणारा. त्याला नुसतं हुंगायला देऊन चालणार नाही, लांबवर सरळ पळायची जागा हवी, आणि ती आमच्या कुळागरांत नाही. चपट्या नाकाच्या पगला आमच्या मे महिन्यात पळवणं म्हणजे छळ. त्याला जमिनीवर बसून डोकं चालवायची कामं. गावठीला दोन्ही लागतं, थोडं थोडं. साखळी गावच्या दत्तवाडीला गेलो की दत्ताच्या पायाशी बसलेल्या त्या चार कुत्र्यांकडे माझी नजर हल्ली वेगळ्या कारणाने जाते. त्यांना लोक चार वेद म्हणतात. मी बघतो ते एवढंच, की एकाच्याही गळ्यात दोर नाही.

पावसाळ्यात पुळण बंद. जूनपासून समुद्र खवळलेला, वाटेवर पाणी तुंबलेलं, गवतात गोचीड. तेव्हा सगळा खेळ आबांच्या ओट्यावर येतो. सकाळचं जेवण थाळीत कधीच मिळत नाही. नाचणीच्या भाकरीचे तुकडे आणि मासळी भाताच्या पेंढ्याच्या ढिगात विखुरलेली, किंवा तीन करवंट्या पालथ्या, एकीखाली घास. करवंटीचा डाव फसवा आहे: गोल पाठ नाकाने ढकलली की ती घसरते, उलटत नाही. पहिल्या पावसाळ्यात तांबूने ती ओटाभर ढकलत नेली. दुसऱ्यात भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन अडवायला शिकला. गेल्या वर्षी मी पाहिलं की तो करवंटीचा एक काठ पंजाने दाबून धरतो आणि पलीकडची कड नाकाने उचलतो. बाजारात असली कोडी प्लॅस्टिकची, हजार रुपयांना मिळतात. एकदा सुटलं की कोडं संपतं, हा त्यांचा दोष. आबा म्हणूनच करवंटी बदलतात: कधी शेंडीकडचं अर्धं, कधी तळाकडचं, कधी काठ खरबरीत, कधी घासलेला. दर वेळी बंदिश तीच, पण उठाव वेगळा.

परवा पौर्णिमेनंतरची द्वितीया होती. फेरी आटोपून दोघं घरी आले. तांबूने पाणी प्यायलं, भिजलेले पंजे एकेक करून चाटले, ओट्यावर तीन गिरक्या घेतल्या आणि आडवा झाला. दमलेला कुत्रा नि भरलेला कुत्रा यांच्या झोपेत फरक असतो. नुसता दमलेला गोळा होऊन पडतो, खट् झालं की डोळे उघडतो. तांबू कुशीवर पसरलेला, मागचा एक पाय ओट्याच्या कडेवरून लोंबलेला, मान उलटी. गल्लीतून मासेवाली गेली, तिच्या सायकलचा भोंगा वाजला, तो हलला नाही. थोड्या वेळाने पापण्यांखाली बुबुळं फिरू लागली. पाय नाही हलले. नाक हललं. आधी डावी नाकपुडी, मग दोन्ही, बारीक, भरभर, मध्ये एक थांबा, आणि पुन्हा.

आबा पायरीवर बसून दोर गुंडाळत होते. त्यांनी हात थांबवला आणि दोर तसाच मांडीवर ठेवून दिला.

‘सोदता,’ ते हळूच म्हणाले.